मज्जारज्जूत कुणी कुठे बसायचं, हे ठरवतं कोण?

टरफल
रविवार, रात्री ९:५०

गावरान अंडं ३८ अंशांवर ३३ तास उबवायचं, आडवं ठेवायचं आणि वरच्या बाजूला कात्रीनं खिडकी पाडायची. बलकावर चपलेच्या तळव्याच्या आकाराचा एक फिकट डाग दिसतो. तो भिंगाखाली धरला की मधोमध एक नळी दिसते. तिच्या पुढच्या टोकाला तीन फुगवटे, पहिल्या फुगवट्याच्या दोन बाजूंना डोळे होऊ घातलेले दोन फुगे, आणि नळीच्या दोन्ही अंगांना विटा रचाव्यात तशा चौकोनी गाठी. हृदय नुकतंच फडफडायला लागलेलं असतं. कॉलेजात पस्तीस वर्षं हे दाखवलं आणि दर वर्षी एखादं पोर विचारायचंच, "मॅडम, पण पेशीला कळतं कसं?"

त्या नळीला मज्जानलिका म्हणतात. तिचा पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होतो. नळीत पोटाच्या अंगाला असलेल्या काही पेशी पुढे स्नायू हलवतात. पाठीच्या अंगाच्या पेशी स्पर्शाची, वेदनेची, खाजेची खबर वर पाठवतात. दोघींमध्ये अर्धा मिलिमीटरही अंतर नाही आणि जनुकं दोघींकडे तीच. मग ही वाटणी केली कुणी?

सुरुवात करायची ती जर्मनीतल्या फ्रायबुर्गपासूनच. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला हिल्डे प्रॉशोल्ट (लग्नानंतरची मॅंगोल्ड) ही हान्स श्पेमान या भ्रूणशास्त्रज्ञाची पीएचडीची विद्यार्थिनी होती. तिनं पाण्यातल्या न्यूट नावाच्या, पालीसारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या भ्रूणातला एक चिमुकला तुकडा कापला. पेशी आत वळायला लागतात त्या फटीच्या वरच्या ओठाचा तो तुकडा. तो तिनं दुसऱ्या भ्रूणाच्या पोटाच्या बाजूला बसवला, तर त्या पोटावर दुसरी आख्खी मज्जानलिका उभी राहिली. सयामी जुळं म्हणा हवं तर. खरी चतुराई वेगळीच होती: तुकडा फिकट जातीच्या न्यूटचा घेतला होता आणि यजमान गडद जातीचा. त्यामुळे कोण कुणाचं ते रंगावरून कळलं. नवी मज्जानलिका जवळजवळ सगळी गडद, म्हणजे यजमानाच्याच पेशींची होती! पोटाची कातडी व्हायला निघालेल्या पेशींना पाहुण्यानं काहीतरी सांगितलं आणि त्यांनी मार्ग बदलला. त्या तुकड्याला श्पेमाननं 'ऑर्गनायझर' म्हटलं. आपण संयोजक म्हणू.

शोधनिबंध १९२४ साली आला. काम हिल्डेच्या प्रबंधाचं, पण पहिलं नाव श्पेमानचं. त्याच वर्षी घरच्या स्वयंपाकघरात स्टोव्हचा भडका होऊन ती गेली. आपल्याकडे 'स्टोव्हचा भडका' म्हटलं की मनात वेगळीच शंका येते. तो अपघात होता. तिचं वय पंचविशीचं, पदरी लहान मूल. १९३५चं नोबेल एकट्या श्पेमानला मिळालं.

मग जगभर शोधाशोध सुरू झाली की संयोजक नेमका कोणता पदार्थ सोडतो. तिशीच्या दशकात कळलं की मेलेला संयोजकही काम करतो. मग कळलं की मेथिलीन ब्लू नावाचा रंगसुद्धा करतो! न्यूटच्या भ्रूणाची कातडी इतकी उतावळी की जरा डिवचलं तरी मज्जासंस्था व्हायला तयार. पन्नासेक वर्षं या वाटेनं गेलेली माणसं हात हलवत परत आली.

१९९२ साली कॅलिफोर्नियात हारलंडच्या प्रयोगशाळेत बेडकाच्या भ्रूणात 'नॉगिन' नावाचं प्रथिन सापडलं. ते जास्त दिलं की भ्रूणाचं नुसतं डोकंच मोठं होत जातं, म्हणून डोक्याला बोलीभाषेत असलेला शब्द त्याला दिला. दोनच वर्षांनी कॉर्डिन आलं. ही प्रथिनं करतात काय? माझ्या मते सगळ्या भ्रूणविज्ञानातली ही सर्वांत सुंदर गंमत आहे. ती पेशीला काहीही सांगत नाहीत. भ्रूणात बीएमपी नावाचं एक प्रथिन सगळीकडे हिंडत "कातडी व्हा, कातडी व्हा" असं सांगत असतं. नॉगिन आणि कॉर्डिन त्याला वाटेतच धरून ठेवतात, जसा एखादा शेजारी नको त्या पाहुण्याला फाटकावरच गप्पांत अडकवून ठेवतो. निरोप घरात पोचतच नाही, आणि ज्या पेशीला "कातडी हो" असं कुणी सांगितलं नाही ती आपसूक मज्जासंस्थेकडे वळते. १९८९मध्येच दिसलं होतं की बेडकाच्या त्या थरातल्या पेशी सुट्ट्या सुट्ट्या करून ठेवल्या की त्या चेतापेशी व्हायला लागतात. शेजार गेला, तसा निरोपही गेला!

नळीच्या आतल्या वाटणीचं उद्या लिहिते. बोटं दुखायला लागली.

तिरकस
रविवार, रात्री १०:२२

म्हणजे अभिमन्यूनं पोटात चक्रव्यूह ऐकला तेव्हा बीएमपी फाटकावर अडकलं होतं का? पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

टरफल
रविवार, रात्री १०:३१

तिरकसराव, मी लिहितेय ती नळी माणसात चौथ्या आठवड्याच्या शेवटी मिटते. तेव्हा कानच नसतात. सुभद्रा झोपली, म्हणून बाहेर पडायचा भाग राहिला, तो मुद्दा व्यासांकडे न्या.

स्थापत्यविशारद
सोमवार, सकाळी ७:१५

वाखुसा (वाचनखूण साठवली). एक शंका. पदार्थ एका जागेवरून झिरपतो म्हटलं तर त्याचं प्रमाण लांब जाईल तसं हळूहळू कमी होणार. जमिनीत पाणी मुरतं तसं. मग पेशींचे पट्टे स्पष्ट रेषेनं वेगळे कसे होतात? उतारावर पायऱ्या कुठून आल्या?

बेडूकराव
सोमवार, सकाळी ८:०२

उत्तम लेख. दुरुस्ती नाही, पण पुस्ती जोडतो. "बीएमपी अडवलं की झालं काम" हे बेडकात चांगलं चालतं. कोंबडीत एवढं सरळ नाही. तिथे बीएमपी अडवून भागत नाही; त्याच्याही आधी, संयोजक उभा राहायच्या सुमारास, एफजीएफ गटातल्या प्रथिनांचा निरोप पोचलेला असावा लागतो. क्लॉडिओ स्टर्न यांच्या गटानं हे लावून धरलं. बेडकातसुद्धा एफजीएफचा हात आहेच, किती यावर भांडणं आहेत. आमच्या क्षेत्रात "आपसूक" शब्द उच्चारला की दोन माणसं उठून उभी राहतात.

टरफल
सोमवार, रात्री ९:१०

बेडूकराव, मान्य. 'आपसूक' मी सढळ हातानं वापरला.

आता स्थापत्यविशारदांचा प्रश्न. आधी तुमच्याच पेशातल्या माणसाचं नाव घेते, लुईस वोल्पर्ट. हा माणूस मुळात स्थापत्य अभियंता, मातीच्या यांत्रिकीवर काम केलेला. १९६९मध्ये त्यानं फ्रेंच झेंड्याची कल्पना मांडली: एका टोकाकडून पदार्थ झिरपतो, जास्त मिळालेल्या पेशी निळ्या, मध्यम मिळालेल्या पांढऱ्या, कमी मिळालेल्या लाल. अशा पदार्थाला 'मॉर्फोजेन' हे नाव मात्र अ‍ॅलन ट्युरिंगनं १९५२मध्येच देऊन ठेवलं होतं.

मज्जानलिकेत हे अक्षरशः घडताना दिसतं. नळीच्या खाली पृष्ठरज्जू नावाची एक लवचीक दांडी असते. ती काढून टाकली तर स्नायूंच्या चेतापेशी तयारच होत नाहीत. दुसऱ्या भ्रूणाची दांडी नळीच्या कडेला नेऊन ठेवली तर त्या कडेलाही तयार होतात. हिल्डेचाच प्रयोग, फक्त बारीक प्रमाणात. दांडी सोडते त्या प्रथिनाचं नाव सॉनिक हेजहॉग. हेजहॉग म्हणजे अंगभर काटे असलेला एक छोटा प्राणी. या नावाचं जनुक माशीत सापडलं. ते बिघडलं की अळीच्या अंगभर काटे येतात. कशेरुकी प्राण्यांत १९९३ साली त्याची तीन भावंडं सापडली. दोघांना खऱ्या प्राण्यांवरून नावं मिळाली, डेझर्ट आणि इंडियन. तिसऱ्याला व्हिडिओ गेममधल्या निळ्या धावऱ्याचं. (आपल्या 'इंडियन'च्या वाट्याला मुख्यतः हाडांची वाढ आली आहे.)

दांडी सॉनिक सोडते. मग नळीचा तळ स्वतःही सोडायला लागतो आणि खालून वर उतार तयार होतो. वरून, म्हणजे पाठीकडून, बीएमपी आणि डब्ल्यूएनटी गटाची प्रथिनं खाली येतात. हो, तेच बीएमपी! कालच ज्याला फाटकावर अडवलं, तो आज पाठीकडचा मुकादम आहे. निरोप तोच, पण ऐकणारी पेशी आता मज्जासंस्थेची झालेली आहे. म्हणून ती त्याचा अर्थ "कातडी हो" असा न घेता "पाठीकडची चेतापेशी हो" असा घेते. पाठ्यपुस्तकांतली बाणांची चित्रं पाहून वाटतं की अर्थ रेणूत असतो. तो ऐकणाऱ्यात असतो, आणि माझा सगळा खटाटोप हे सांगण्यासाठी आहे.

आता पायऱ्या. न्यूयॉर्कमध्ये थॉमस जेसेल यांच्या गटानं बशीत मज्जापेशी घेऊन सॉनिकचं प्रमाण दुप्पट-तिप्पट असं वाढवत नेलं. प्रत्येक टप्प्याला वेगळ्या जातीची चेतापेशी मिळाली, एकूण पाच. उतारावर पायऱ्या पडल्या त्या पेशीच्या आत. सॉनिकमुळे काही नियंत्रक जनुकं चालू होतात, काही बंद होतात, आणि शेजारच्या पट्ट्यांतली नियंत्रकं एकमेकांचा गळा धरतात. पॅक्स६ आणि एनकेएक्स२.२ ही जोडी घ्या. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. सीमेवरच्या पेशीत सुरुवातीला दोन्ही थोडी थोडी असतात, पण जी किंचित वरचढ ती दुसरीला दाबते, दाबल्यामुळे आणखी वरचढ होते, आणि काही तासांत पेशी पूर्ण या बाजूची किंवा त्या बाजूची होते.

त्यात वेळही मोजली जाते. लंडनमध्ये जेम्स ब्रिस्को यांच्या गटानं दाखवलं की थोडं सॉनिक जास्त वेळ मिळणं हे जास्त सॉनिक मिळाल्यासारखंच काम करू शकतं. आणि पेशी निरोपाला हळूहळू सरावते, कानावर हात ठेवल्यासारखी. पहिल्याइतकाच परिणाम हवा असेल तर पुढे जास्त मोठा आवाज लागतो.

स्थापत्यविशारद
सोमवार, रात्री ९:४८

गळा धरणारी जोडी म्हणजे आमच्या भाषेत लाइटचं बटण. मधे अडकत नाही, खट्कन इकडे नाहीतर तिकडे. कळलं. आणि वोल्पर्ट आमचा हे वाचून छाती दोन इंच फुगली.

माणदेशी मेंढरू
मंगळवार, दुपारी १:३०

आमच्याकडं वाड्यावर एकदा एकडोळ्याचं कोकरू झालं होतं. डोळा मधोमध कपाळावर, नाक नाही. तासाभरात मेलं. म्हाताऱ्यांनी अपशकून म्हणून पुरून टाकलं आणि आजोबांनी जागा बदलली. त्याचा याच्याशी संबंध असतो का?

टरफल
मंगळवार, रात्री ८:४०

आहे, आणि फार जवळचा. तुमच्या कोकराचं नेमकं कारण इतक्या वर्षांनी सांगता येणार नाही, पण हीच गोष्ट अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात १९५०च्या दशकात कळपच्या कळप घडली. एका डोळ्याची कोकरं मोठ्या संख्येनं जन्माला येऊ लागली. सरकारी कृषी खात्याची माणसं मेंढपाळांबरोबर डोंगरात राहिली आणि शेवटी एक वनस्पती सापडली, कॉर्न लिली. गाभण मेंढीनं साधारण चौदाव्या दिवशी ती खाल्ली की कोकरू तसं होतं, आधी किंवा नंतर खाल्ली तर तसं होत नाही. (ही वनस्पती उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातली. माणदेशात मेंढरं चरायला सोडताना तिची भीती नाही.) तिच्यातल्या विषाला सायक्लोपामीन म्हणतात. ते नेमकं काय करतं हे कळायला १९९८ उजाडलं: ते सॉनिकचा निरोप पेशीच्या आत पोचू देत नाही.

डोळ्याचं काय होतं ते ऐका. आपल्याला दोन डोळे वेगवेगळे फुटत नाहीत. आधी मधोमध डोळ्याचं एकच शेत असतं. त्याच्या खालून मध्यरेषेवर सॉनिक येतं, शेताचा मधला पट्टा डोळा व्हायचं सोडून देतो आणि एकाचे दोन होतात. सॉनिक आलं नाही तर बांध पडत नाही. १९९६मध्ये सॉनिक नसलेले उंदीर तयार केले, तेही एकडोळे निघाले. त्याच वर्षी माणसांतही हे जनुक बिघडल्यानं मेंदूचे दोन अर्ध नीट वेगळे होत नाहीत, हे सिद्ध झालं.

आणि उलटं? मेक्सिकोतल्या गुहांत आंधळे मासे आहेत. त्यांच्या भ्रूणात मध्यरेषेवरचं सॉनिक जरा जास्त पसरतं. डोळे लहान पडतात आणि पुढे झिजून जातात.

आजोबांनी जागा बदलली ते मात्र मला आवडलं. आयडाहोतही उपाय तोच होता, त्या दिवसांत त्या कुरणात न्यायचं नाही.

डॉ. गोळीगुळगुळीत
मंगळवार, रात्री १०:०५

स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून दोन गोष्टी.

एक, टरफलताईंनी लिहिलेली नळी माणसात गर्भधारणेपासून २८ दिवसांच्या सुमारास मिटते. म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे होतात तोवर काम उरकलेलं असतं. बऱ्याच जणी तेव्हा माझ्याकडे आलेल्याही नसतात. म्हणून फोलिक अ‍ॅसिड गर्भ राहायच्या आधीपासून घ्यायचं, रोज ४०० मायक्रोग्रॅम. आधीच्या बाळाला नलिकेचा दोष असेल तर ४ मिलिग्रॅम, म्हणजे दहापट, आणि तेही डॉक्टरांच्या सल्ल्यानंच. १९९१च्या ब्रिटिश चाचणीत अशा बायकांमध्ये दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. फोलिक अ‍ॅसिड हा निरोप्या रेणू नाही हे स्पष्ट करतो. भराभर वाढणाऱ्या पेशींना लागणारा तो कच्चा माल आहे.

दोन, मुरमांवर आयसोट्रेटिनॉइन नावाची गोळी मिळते. ती जीवनसत्त्व अ-च्या कुळातली, आणि त्याच कुळातलं रेटिनॉइक अ‍ॅसिड हा भ्रूणातला खराखुरा निरोप्या आहे. गरोदरपणात ही गोळी घेतली तर मेंदू, कान, चेहरा, हृदय यांचे गंभीर दोष होऊ शकतात. मैत्रिणीची उरलेली पाकिटं वापरू नका.

टरफल
बुधवार, रात्री ९:२०

डॉक्टरांनी रेटिनॉइक अ‍ॅसिड काढलंच आहे तर पुढून मागची आखणी थोडक्यात सांगते. आतापर्यंत पोट ते पाठ झालं. डोकं ते शेपूट या दिशेला मागून डब्ल्यूएनटी, एफजीएफ आणि रेटिनॉइक अ‍ॅसिड येतात आणि "मागचं हो" म्हणतात. मोठा मेंदू तिथे होतो जिथे हे पोचत नाहीत. पुढे त्यांना अडवणारी वेगळी प्रथिनं असतात. एकाचं नाव डिककॉफ, जर्मनमध्ये जाडडोक्या. पुन्हा तेच: डोकं मिळतं ते अडवाअडवीतून.

मध्यमेंदू आणि पश्चमेंदूच्या सीमेवर आणखी एक छोटा संयोजक बसतो. तो एफजीएफ८ सोडतो. १९९६मध्ये या प्रथिनात भिजवलेला मणी कोंबडीच्या भ्रूणात सीमेच्या बऱ्याच पुढे ठेवला, तर तिथे दुसरा मध्यमेंदू उभा राहिला. एका मण्यावर!

आता घरची गोष्ट. मुंबईत कुलाब्याला टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) शुभा टोळे यांच्या गटाचं काम २००८ साली 'सायन्स'मध्ये आलं. मोठ्या मेंदूच्या कडेला एक पट्टी असते, कपड्याची दुमड असावी तशी. ती डब्ल्यूएनटी आणि बीएमपी सोडते आणि तिच्या लगत हिप्पोकॅम्पस तयार होतो, ज्याच्यावाचून नव्या आठवणी साठत नाहीत. या गटानं असे उंदीर घेतले ज्यांच्या मेंदूत काही ठिगळांतच एलएचएक्स२ हे जनुक नव्हतं. ती ठिगळं भलत्याच जागी दुमडपट्टी झाली आणि त्यांच्या शेजारच्या अगदी निरोगी पेशी हिप्पोकॅम्पस झाल्या. एका मेंदूत जागोजागी हिप्पोकॅम्पस! फिकट न्यूट आणि गडद न्यूट आठवा. जनुक गेलं एकीचं, पण बदलली शेजारीण. आणि हे फार लवकरच्या एका ठरावीक काळातच होतं, मेंढीच्या चौदाव्या दिवसासारखं.

पुण्याचंही सांगायलाच हवं, आम्ही त्याच पंगतीतले. एडिनबराला वॉडिंग्टन या भ्रूणशास्त्रज्ञाकडे काम करून आलेल्या लीला मुल्हेरकरांनी पुणे विद्यापीठात कोंबडीच्या भ्रूणावर प्रयोग करायची परंपरा रुजवली. आघारकर संशोधन संस्थेत सुरेंद्र घासकडबी यांच्या गटानं हायड्रातलं नॉगिन शोधलं. हायड्रा हा गोड्या पाण्यातला चिमुकला प्राणी. त्याला मेंदू नाही, पाठ नाही, पोट नाही. आहे फक्त चेतापेशींचं विरळ जाळं. त्याच्या नॉगिनचा संदेशवाहक आरएनए जपानी सहकाऱ्यांबरोबर बेडकाच्या भ्रूणात टोचला, तर त्या भ्रूणात दुसरा अक्ष, म्हणजे डोकं ते शेपूट अशी शरीराची दुसरी रेघ, अर्धवट का होईना उभा राहिला. हे २०१०मध्ये प्रसिद्ध झालं. फाटकावर अडवायची युक्ती फाटक बांधायच्या कितीतरी आधीची आहे तर!

तिरकस
बुधवार, रात्री ९:५५

टोमणा मारायला आलो होतो. हिप्पोकॅम्पसची ठिगळं वाचून विसरलो. +१.

बेडूकराव
गुरुवार, सकाळी ६:५०

या सगळ्याचा धंद्यात उपयोग असा. २००२मध्ये जेसेल यांच्याच प्रयोगशाळेत उंदराच्या मूलपेशींना बशीत आधी मज्जासंस्थेकडे वळवलं, मग रेटिनॉइक अ‍ॅसिड देऊन मज्जारज्जूच्या पातळीवर आणलं, मग सॉनिकसारखं काम करणारा रेणू देऊन पोटाच्या अंगाला. शेवटी मिळाल्या त्या स्नायूंच्या चेतापेशी. कोंबडीच्या भ्रूणात सोडल्यावर त्यांनी स्नायूंपर्यंत तंतूही नेले. भ्रूण वापरतो तेच निरोप, त्याच क्रमानं. आम्ही रोज हेच रांधतो. क्रम चुकला की भलतंच शिजतं, आणि ते महिन्याभरानं कळतं.

खारुताई
गुरुवार, संध्याकाळी ५:१०

टरफलताई, मी ज्युनियर कॉलेजला शिकवते. मुलांना ३३ तासांचा भ्रूण दाखवायचा आहे. मागच्या वर्षी दुकानातली दोन डझन अंडी उबवली, एकातही काही निघालं नाही. मुलं हसली. काय चुकलं?

टरफल
गुरुवार, रात्री ८:३०

अगं, दुकानातली अंडी कोंबड्यावाचून घातलेली असतात, त्यात भ्रूण कुठून येणार! ज्यांच्या अंगणात कोंबडा फिरतो त्यांच्याकडून घे, आठवड्याच्या आतली. फ्रिजमधली नकोत. धुऊ नकोस, कोरड्या फडक्यानं पूस. उबवणीत आडवी ठेव आणि वरच्या बाजूला पेन्सिलीनं खूण कर. भ्रूण वरच तरंगतो, खिडकी तिथेच पाडायची. आधी सुईनं बोथट टोकाला भोक पाडून सिरिंजनं दोन-तीन मिली पांढरं काढ, म्हणजे भ्रूण कवचापासून खाली बसतो आणि कात्री लागत नाही. उबवणीच्या डबीत एका वाटीत पाणी ठेव, नाहीतर सुकतात.

तास सकाळी ११ला असेल तर आदल्या रात्री ठेवून भागणार नाही. ३३ तास म्हणजे त्याच्याही आदल्या रात्री २ वाजता. मी गजर लावून उठायचे. डझनभर ठेव, सात-आठ चांगली निघतील.